बेसबॉलच्या स्कोअरकार्डवरच्या खुणा आल्या कुठून?

बेसबॉलच्या स्कोअरकार्डचे मूळ क्रिकेटच्या स्कोअरबुकात आहे. ऑक्टोबर १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने सामन्याचा तक्ता छापला, तेव्हा प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे दोनच रकाने होते: किती वेळा बाद आणि किती धावा. झेल कोणी घेतला, चेंडू कोणी फेकला, याचा त्यात पत्ता नव्हता. ही उणीव हेन्री चॅडविक यांनी भरून काढली. चॅडविक इंग्लंडमधल्या एक्सेटरचे. जन्म १८२४ चा, आणि लहान वयातच कुटुंबाबरोबर ब्रुकलिनला आले. आधी क्रिकेटचे वार्ताहर, मग १८५० च्या दशकात बेसबॉलचे. त्यांनी नोंदीसाठी अक्षरांची एक पद्धत बसवली, आणि आजचे कार्ड वाचताना तिचे अवशेष पदोपदी भेटतात.

त्या पद्धतीत पहिला, दुसरा आणि तिसरा बेस (धाव पुरी करताना ओळीने गाठायचे थांबे) म्हणजे ए, बी, सी. हवेतला झेल एफ, एक टप्पा पडून घेतलेला झेल डी, फाऊल (रेषेबाहेर गेलेला फटका) एल आणि तीन स्ट्राइकवर (हुकलेल्या किंवा खेळण्याजोगे असून सोडलेल्या चेंडूंवर) बाद म्हणजे के. टप्प्याच्या झेलावर फलंदाज बाद देण्याचा नियम फेअर, म्हणजे रेषेच्या आतल्या, चेंडूंपुरता १८६५ च्या हंगामापासून गेला आणि डी हे अक्षर निरुपयोगी झाले. एफ मात्र टिकला. के तर आज प्रेक्षक फलकावर घेऊन येतात, इतका रुळला. के का, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी असे दिले जाते की एस हे अक्षर 'सॅक्रिफाइस'साठी (स्वतः बाद होऊन धावपटूला पुढे सरकवणे) आधीच अडलेले होते. हे पटत नाही. सॅक्रिफाइसची नोंद बऱ्याच नंतरची. शिवाय 'बाउंड'साठी (टप्पा) डी आणि 'फाऊल'साठी एल ही अक्षरेही चॅडविक यांनी शब्दाच्या शेवटूनच उचलली होती. 'स्ट्रक'चा के त्याच सवयीतला आहे.

फलंदाजाने तिसरा स्ट्राइक बॅट न फिरवता नुसता बघितला, तर के उलटा काढतात.

आता आकडे. सुरुवातीला क्षेत्ररक्षकाला त्याच्या फलंदाजीच्या क्रमाने ओळखले जाई. म्हणजे तोच आकडा आज एका जागेवरचा खेळाडू आणि उद्या दुसऱ्या. पुढे आकडे जागांना चिकटले: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागे उभा राहून चेंडू पकडणारा) २, पहिला, दुसरा आणि तिसरा बेस अनुक्रमे ३, ४, ५, शॉर्टस्टॉप ६, आणि आउटफिल्डमध्ये (बेसपलीकडच्या मैदानात) डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. नवख्याची गफलत नेमकी ५ आणि ६ मध्ये होते, कारण शॉर्टस्टॉप उभा असतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये. बेसवरचे तीन आधी मोजायचे आणि शॉर्टस्टॉप मागून, हा क्रम त्या जागेच्या इतिहासाशी जुळतो. त्या काळचा चेंडू हलका, लांबून नेमका फेकता येत नसे. म्हणून १८५० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या निकरबॉकर बेसबॉल क्लबचे डॉक्टर डॅनियल ॲडम्स आउटफिल्डचा चेंडू मध्येच घेऊन पुढे पोचवायला तिथे उभे राहू लागले. तीन बेसना तीन माणसे आधीपासून नेमलेली होती; हा मधला माणूस त्यांच्यानंतर आला.

आकड्यांमधली रेघ म्हणजे चेंडूचा प्रवास. ६-४-३ म्हणजे शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर गेला. एका फटक्यात दोन बाद. शेवटचा आकडा बाद करणाऱ्याचा, आधीचे सगळे मदतीचे; इथे ४ ला पहिल्या बळीचेही श्रेय. ८ ऑक्टोबर १९५६ चा वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना घ्या. न्यूयॉर्क यँकीजचा पिचर डॉन लार्सन याने ब्रुकलिन डॉजर्सचे २७ च्या २७ फलंदाज ओळीने बाद केले. दुसऱ्या डावात जॅकी रॉबिन्सनच्या खात्यावर ५-६-३ आहे. तिसऱ्या बेसवरच्या अँडी केरीच्या हाताला लागून चेंडू उडाला, शॉर्टस्टॉप गिल मॅकडूगल्डने तो उचलून पहिल्या बेसवर फेकला. केरीने चेंडू पकडला नाही, पण त्याला लागून वळला, म्हणून मदतीचे श्रेय त्यालाही. कार्डातली शेवटची नोंद उलटा के: डेल मिचेल बॅट न फिरवता बाद.

छापील चौकटीतला छोटा चौकोन हे बेसबॉलने क्रिकेटच्या वहीत घातलेले खरे नवे अंग. क्रिकेटमध्ये फलंदाजासमोर धावांचे आकडे ओळीने मांडले की भागते. इथे प्रत्येक माणूस चार टप्पे पार करतो, आणि प्रत्येक टप्पा वेगळ्या कारणाने मिळू शकतो. म्हणून खालच्या कोपऱ्यातून, घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने रेघ ओढायची आणि प्रत्येक कोपऱ्यापाशी कारण लिहायचे. समजा फलंदाज चार बॉलवर (खेळण्याच्या पट्ट्याबाहेरचे, सोडलेले चेंडू) चालत पहिल्या बेसवर गेला, तिथे बीबी (बेस ऑन बॉल्स). फटक्याची वाट न बघता धावून दुसरा बेस चोरला, तिथे एसबी (स्टोलन बेस). पुढच्याच्या ४-३ वर तिसऱ्या बेसवर सरकला, आणि त्यापुढच्याच्या उजवीकडच्या सॅक्रिफाइस फ्लायवर (झेल जातो, पण धावपटू धाव पुरी करतो) घरी, म्हणजे सुरुवातीच्या जागी, आला. चौकोन पूर्ण झाला, आत रंग भरा. ज्याच्या खेळीमुळे धावपटू पुढे सरकला, त्याचा फलंदाजी-क्रमांक त्या कोपऱ्यात लिहून ठेवा, नाहीतर दोन डावांनंतर काहीच आठवत नाही. बाद झाला तर डावातला कितवा बळी तो आकडा वर्तुळात.

तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरच्या हातून सुटला आणि पहिला बेस मोकळा असेल किंवा दोन बाद झालेले असतील, तर फलंदाज धावू शकतो. तो पोचला तरी के लिहायचाच, वर्तुळ मात्र नाही. म्हणून एका डावात बळी तीनच असूनही चार के दिसले तर कार्ड चुकले असे समजू नका.

कार्ड तपासायची जुनी रीत आजही नियमपुस्तकात आहे. संघाच्या अधिकृत फलंदाजीच्या संधी, बीबी, चेंडू लागून मिळालेले बेस, सॅक्रिफाइस आणि अडथळ्यामुळे मिळालेले बेस यांची बेरीज करा. दुसऱ्या बाजूला त्याच संघाच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले धावपटू आणि प्रतिस्पर्ध्यांनी घेतलेले बळी. दोन्ही बेरजा सारख्याच आल्या पाहिजेत. लार्सनच्या सामन्यात डॉजर्सच्या एका बाजूला २७ आणि दुसऱ्या बाजूला शून्य, शून्य, २७. बेरीज चुकली की बहुधा विसरलेला बीबी किंवा अडकलेला धावपटू सापडतो.

२०२० पासून मेजर लीगच्या (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा) नियमित हंगामात जादा, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठीच्या, डावाची सुरुवात दुसऱ्या बेसवर आयता धावपटू ठेवून होते. त्याने फलंदाजी केलेली नसते, तरी तो धाव, बळी किंवा अडकलेला यांपैकी एकात मोजला जातो. त्यामुळे अशा प्रत्येक डावामागे दुसरी बाजू एकाने वाढते. त्याची रेघ दुसऱ्या बेसपासूनच सुरू करा, बाजूला खूण ठेवा, आणि बेरीज तपासताना असे धावपटू वजा करा. तो घरी आला तर संघाला धाव मिळते, पण पिचरच्या नावावर ती 'अर्न्ड' (त्याच्या दोषाची धाव) धरत नाहीत.