कोपरा नसलेला गोठा

गाय वरून पाहिली तर पाचरीसारखी दिसते: तोंडाकडे निमुळती, मागे रुंद. लांबट गोठ्यात ती बांधली की दोन गाईंच्या तोंडांमधली जागा फुकट जाते. वर्तुळात, तोंडं मध्याकडे करून बांधली तर त्या पाचरी नीट एकमेकींशेजारी बसतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हॅन्कॉक इथे शेकर पंथाच्या लोकांनी 1826 साली असाच दगडी गोल गोठा बांधला. ब्रह्मचर्य पाळणारी, सगळं सामाईक ठेवणारी ही ख्रिस्ती मंडळी कामात भलतीच काटेकोर.

गोठ्याच्या मधोमध वैरणीची भलीमोठी गंजी, तिच्याभोवती गव्हाण आणि गव्हाणीकडे तोंड केलेल्या पन्नासेक गाई. वैरणीने भरलेल्या गाड्या उतारावरून थेट वरच्या मजल्यावर येत. तिथे कडेने गोल फिरायचं, चालता चालता वैरण मधल्या खोलगट जागेत लोटायची आणि आल्या दारानेच बाहेर पडायचं. गाडी मागे घ्यायची वेळच येत नसे. (घोडागाडी मागे ढकलून पाहिलेल्या माणसालाच याचं मोल कळेल.) खाली उभ्या माणसाला वैरण फक्त पुढे ओढायची असे. शेणासाठी गाईंच्या मागे झडपा होत्या. त्यातून ते तळघरात पडे.

भिंतीचा हिशेबही गोलाच्याच बाजूने. 270 फूट भिंत चौकोनी बांधली तर आत साधारण 4,556 चौरस फूट जागा मिळते, गोल बांधली तर 5,801.

पण एवढी वैरण एकाच ढिगात ठेवणं धोक्याचं. नीट न वाळलेल्या गवतात सूक्ष्मजीव वाढतात, ढीग आतून तापतो, उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि कधीकधी तो आपोआप पेट घेतो. म्हणून गंजीच्या ऐन मध्यातून हवा खेळती ठेवणारा उभा लाकडी झरोका काढलेला होता.

1864 मध्ये हा गोठा आगीत सापडलाच. लाकूडकाम जळालं, दगडी भिंती तेवढ्या उरल्या. शेकरांनी त्याच भिंतींवर तो पुन्हा उभारला आणि पुढे छपराच्या मधोमध बाराकोनी, खिडक्यांचा मनोरा चढवला. आज तिथे संग्रहालय आहे. ढगाळ दिवशीही त्या खिडक्यांतून उजेड थेट गंजीच्या जागेवर उतरतो.