वडगावची लढाई (१७७९)

जानेवारी १७७९ मध्ये मावळात मराठ्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकर फौजेला घेरून शरण आणलं ती ही लढाई, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातली. राघोबादादाला (रघुनाथराव पेशव्याला) पुण्यात नेऊन सत्तेवर बसवायचं असा इंग्रजांचा प्लॅन होता आणि सोबत जेमतेम ३,९०० माणसं, म्हणजे भरवसा सगळा यावर की दादा दिसले की सरदार आपोआप फुटून येतील, पण एकही मोठा सरदार आला नाही. बंगालहून कंपनीच्याच गॉडर्ड या सेनापतीची फौज येतच होती, पण तेवढा धीर मुंबईला कुठला.

खरी गोची कमांडची. कर्नल एगर्टन आजारी माणूस, त्यात डोक्यावर तीन जणांची कमिटी, एगर्टन स्वतः, कार्नाक आणि मॉस्टिन. यातल्या मॉस्टिनला पुणं नीट माहीत, तर तोच आजारी पडून परत गेला आणि वारला. बरोबर सामान वाहणारे १९,००० बैल! घाटात एवढं लटांबर घेऊन चाल कसली होणार, नोव्हेंबरअखेर निघालेली फौज तळेगावला पोचली ९ जानेवारीला. म्हणजे मराठ्यांना जमवाजमव करायला दीड महिना आयताच मिळाला.

तोवर महादजी शिंदे, तुकोजी होळकर समोर येऊन ठाकले होते. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला, शौर्यामुळे मराठेच त्याला इष्टुर फाकडा म्हणायचे. तळेगावात पोचले तर गाव ओस, जाळलेलं, दाणा नाही की वैरण नाही, आणि गरज पडली तर चिंचवड आणि पुणंसुद्धा जाळायची मराठ्यांची तयारी होती म्हणे.

माझ्या मते इंग्रज लढाई इथेच हरले. गाठीला अजून काही दिवसांचं धान्य होतं, पुणं हाकेच्या अंतरावर, तरी कमिटीने कच खाल्ली, ११ तारखेच्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलल्या आणि गुपचूप माघारी निघाले, पण गुपचूप कसलं, पहाटेपर्यंत मराठे अंगावर. हार्टले या इंग्रज अधिकाऱ्याने पिछाडी जिद्दीने लढवली म्हणून निदान वडगावपर्यंत तरी पोचले, आणि तिथे चहूबाजूंनी अडकले.

१६ जानेवारीला तह झाला, साष्टीसकट १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत द्यायचा आणि दोन इंग्रज ओलीस. बंगालचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने तो तह धुडकावला आणि युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. कार्नाक, एगर्टन आणि एगर्टननंतर कमांड घेतलेला कॉकबर्न, तिघांनाही कंपनीने नोकरीतून काढलं.