डिव्हाइनच्या 'कोहिनूर'वरून एवढी भांडणं का झाली, त्याची मागची गोष्ट

मुंबईचा रॅपर डिव्हाइन याचा पहिला स्टुडिओ अल्बम 'कोहिनूर' ऑक्टोबर २०१९ मधे आला आणि लगेच ऐकणाऱ्यांचे गट पडले. एक गट म्हणत होता आपला माणूस शेवटी पोचला, साऊंड बघ कसला दणदणीत आहे, दुसरा म्हणत होता साऊंड आहे रे पण गल्ली कुठाय, आणि तिसरे होते ज्यांना तीनचार गाणी मनापासून आवडलेली आणि बाकीची ते गुपचूप स्किप करत होते, पण तसं उघड बोलायची सोय नव्हती कारण लगेच कोणीतरी विचारायचं, म्हणजे तू नक्की कुणाच्या बाजूनं? आमच्याकडे फोंडा, डिचोली, साखळी साईडच्या मराठीतनं बोलणाऱ्या पोरांमधे पण हा वाद बरेच दिवस पुरला, चहाच्या गाड्यावर, कॉलेजच्या गेटवर, चतुर्थी संपून दिवाळीचे नरकासुराचे पुतळे बांधायला घेतलेले तिथे तर रात्ररात्र. माझं आपलं मत असं की त्या भांडणात अल्बम चांगला की वाईट हा विषय फार थोडा होता. ज्याला डिव्हाइन २०१३ ला सापडला त्याचं मत वेगळं, २०१५ वाल्याचं वेगळं आणि 'गली बॉय' पिक्चर बघून आलेल्याचं अजून वेगळं. अल्बम एकच, पण प्रत्येकाच्या डोक्यातला डिव्हाइन वेगळ्या सालातला.

रॅप हिंदीत डिव्हाइननं आणलं असं काही नाही. बाबा सेहगलचं 'ठंडा ठंडा पानी' १९९२ चं, कॅसेटी धडाधड खपल्या, पण ते ऐकून कोणाला वाटलं नाही की हा माझ्या वाड्यावरचं काहीतरी सांगतोय, ती मजा होती आणि मजा म्हणूनच लोकांनी घेतली. नंतर बोहेमियानं पंजाबीतनं गंभीर रॅप केलं, ते ज्यांना माहीत त्यांनाच माहीत. २०११ ला हनी सिंगचा 'इंटरनॅशनल व्हिलेजर' आला आणि मग पेडण्यापासून काणकोणपर्यंत लग्न असो, बारसं असो की कार्निव्हल, साऊंडवाल्याकडे तेच. त्यामुळे रॅप म्हणजे गाडी, बाटली आणि पोरगी हे समीकरण इतकं पक्कं बसलेलं की घरात कोणी रॅप लावलं की आई आधी आवाज कमी कर म्हणायची आणि मग विचारायची काय चाललंय ते.

विवियन फर्नांडिस म्हणजे डिव्हाइन हा अंधेरी पूर्वच्या जे. बी. नगरचा. एका मित्राच्या टीशर्टवर फिफ्टी सेंट या अमेरिकन रॅपरचा फोटो बघून हे काय प्रकरण म्हणून त्यानं ऐकायला घेतलं आणि तिथून सगळं सुरू झालं हा किस्सा त्यानं स्वतःच सांगितलेला आहे. सुरवातीला तो इंग्लिशमधे लिहायचा. मग हिंदीत आला, म्हणजे पुस्तकातल्या हिंदीत नाही, तर बंबईया हिंदीत, जिच्यात मराठी शब्द असे सहज मिसळलेले असतात की आपल्याला ते वेगळे काढून दाखवावेच लागत नाहीत. २०१३ चं 'ये मेरा बॉम्बे' हे त्या भाषेतलं. व्हिडिओत मॉडेल नाही, स्विमिंग पूल नाही, टपरीवाले आणि रिक्षावाले आहेत. ज्यांनी ते तेव्हाच ऐकलं ते गोव्यात मोजकेच, आणि त्यातल्या बहुतेकांचा कोणीतरी चुलतभाऊ नाहीतर मामेभाऊ मुंबईला होता.

हे मुंबईचं प्रकरण गोव्याला नवीन नाही. धोबी तलावच्या आसपास गोंयकारांचे कूड होते, गावागावाचे क्लब, जिथे बोटीवर जाणारे, नोकरी शोधणारे येऊन राहायचे. गोव्याचे वादक तर हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात भरलेले असायचे, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, हळदोण्याचे चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, अरेंजमेंट यांची आणि पडद्यावर नाव बहुतेक वेळा दुसऱ्याचं. त्यामुळे मुंबईच्या गाण्यातला माणूस फर्नांडिस आडनावाचा निघाला की इथे पहिला प्रश्न ठरलेला, "खंयचो रे तो?", म्हणजे कुठला रे तो. पोरानं तोंडानं जे. बी. नगर सांगितलं तरी आमच्यातले अर्धे मनात त्याला गोव्याचा करून मोकळे झालेले, कसलाही पुरावा न बघता. आता हसू येतं, पण 'कोहिनूर'च्या वेळी जो हक्कानं राग काढला गेला त्यात हे पण थोडं होतंच, परक्या माणसावर कोणी एवढं रागवत नाही.

खरी ठिणगी २०१५ ची. नेझी आणि डिव्हाइनचं 'मेरे गली में', बीट सेझ या प्रोड्युसरचा. कुर्ल्याच्या नेझीनं त्याच्या आदल्या वर्षी आयपॅडवर शूट करून 'आफत' टाकलेलं, त्यामुळे दोघं एकत्र आले तेव्हा ज्यांना कळायचं त्यांना कळलं की हे काहीतरी वेगळं आहे. मग सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि जे गाणं बफर होत होत, तुकड्या तुकड्यानं ऐकलेलं ते आता बसमधे बसून दहादा ऐकता यायला लागलं. 'जंगली शेर' २०१६, 'फरक' २०१७. या सगळ्या वर्षांत एक गोष्ट लक्षात घ्या, अल्बम नावाची वस्तूच नव्हती. सिंगल यायचं, यूट्यूबवर बघायचं, मग चारपाच महिने वाट, मग दुसरं.

त्यात झालं काय की अल्बम प्रत्येकानं स्वतःच बनवला. फोंडा पणजी रूटवर एक खाजगी मिनीबस होती, ड्रायव्हर तरुण, मागच्या सीटखाली सबवूफर बसवलेला, तिथे बसलं की पाठीचा कणा वाजायचा. डॅशबोर्डवर देवाचा फोटो, त्याला अबोलीचा हार, खाली स्टीरिओत लावलेला पेन ड्राइव्ह आणि त्याला दोरी बांधलेली, कारण तो चोरीला जायचा म्हणे. त्यात आधी गणपतीची आरती, मग दोन कोंकणी गाणी, मग एक कन्नड, कंडक्टर हुबळी साईडचा होता म्हणून, आणि मग सलग डिव्हाइन. बाणस्तारीच्या पुलावर बस अडकली की 'जंगली शेर' हमखास. त्या पेन ड्राइव्हवरचा क्रम म्हणजे आमच्यासाठी डिव्हाइनचा पहिला अल्बम, ऑफिशियल कव्हर नसलेला. दुसऱ्या कोणाच्या फोनमधे दुसरा क्रम असणार. असे हजारो पहिले अल्बम आधीच लोकांच्या डोक्यात तयार असताना खराखुरा पहिला अल्बम काढणं ही अवघडच गोष्ट, त्याच्या जागी कोणी पण असता तरी मार खाल्ला असता.

आणि मग २०१९. त्या एका वर्षात एवढं काही घडलं की ते नीट ओळीनं लावल्याशिवाय 'कोहिनूर' कळत नाही. १४ फेब्रुवारीला झोया अख्तरचा 'गली बॉय' आला, डिव्हाइन आणि नेझी यांच्यावरून सुचलेला, 'अपना टाइम आएगा' लिहिण्यात डिव्हाइनचा हात. त्याच महिन्याच्या शेवटी स्पॉटिफाय भारतात सुरू झालं. ऑगस्टमधे अमेरिकन रॅपर नासच्या मास अपील लेबलची भारतातली शाखा युनिव्हर्सलबरोबर निघाली आणि पहिला कलाकार म्हणून डिव्हाइनला घेतलं, नास 'गली बॉय'चा पण एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर होता. ऑक्टोबरमधे अल्बम. म्हणजे आठ महिन्यांत गल्लीतला माणूस पिक्चरचा विषय झाला, न्यूयॉर्कच्या लेबलचा झाला आणि ज्यांनी आयुष्यात रॅप ऐकलं नव्हतं अशा घरातल्या काकूंना पण त्याचं नाव माहीत झालं. आमच्याकडे एकीनं शाळेच्या गॅदरिंगला पोरांचा 'अपना टाइम आएगा'वर डान्स बसवलेला, जॅकेटं घालून, मे महिन्यासारखी गरमी असताना.

मग साहजिकच दोन गर्दी एकदम दारात आल्या. जुन्यांना हवा होता तो सहा वर्षांपूर्वीचा, रिकाम्या खिशाचा राग. नव्यांना हवं होतं अजून एक 'अपना टाइम आएगा'. अल्बममधे मिळालं तिसरंच, वर आलेल्या माणसाचं वर आल्यावरचं बोलणं, ट्रॅप या हिपहॉपच्या प्रकारातला जड बेस, हुकमधे म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीत गाणं म्हणणं, प्रॉडक्शन चकाचक. 'चल बॉम्बे'वर कोणाची फार तक्रार नव्हती, ते गाणं शहराचंच होतं. 'कोहिनूर' या टायटल ट्रॅकवर मात्र भांडण, कारण त्यात तो स्वतःलाच हिरा म्हणतोय, आणि आमच्याकडे माणसानं स्वतःची एवढी तारीफ केलेली लोकांना झेपत नाही, दुसऱ्यानं केली तर चालते. आता हिपहॉपमधे हे तर चालतंच, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधे १९७० च्या दशकात पार्ट्यांमधे हे सुरू झालं तेव्हापासून माईक हातात घेणारा मी किती भारी हेच सांगत आलाय, पण ही सवय ज्यांना अमेरिकन रॅप ऐकून लागलेली त्यांना ते गोड लागलं आणि बाकीच्यांना माज वाटला. शिवाय नेझी त्यात नव्हता, आणि 'मेरे गली में'वाल्यांची निम्मी नाराजी तर एवढ्यावरच होती.

गोव्यात या सगळ्यावर अजून एक थर होता, आणि मला तो जास्त इंटरेस्टिंग वाटतो. इथे ऐकायची सवयच दोन तऱ्हेची आहे. फोंडा, डिचोली, सत्तरीकडे माणूस भजनात आणि देवळातल्या जत्रेच्या नाटकात वाढतो. कला अकादमीच्या भजनी स्पर्धेला गेलात तर बघा, पंधरा मिनिटं उत्तम वाजवून एखादं पथक खाली उतरतं आणि बाहेर म्हातारे म्हणतात, वाजवलं बरं पण शब्द खाल्ले. शब्द खाल्ले हा आमच्याकडे गुन्हाच. तियात्र म्हणजे कोंकणी नाटक, ते बघणाऱ्यांचं तेच, पडदा पडल्यावर कांतार म्हणजे गाणं म्हणणारा पुढे येतो, मंत्र्याची नाव घेऊन नाहीतर न घेता धुलाई करतो, आणि टाळ्या पडतात त्या शब्दांवर. पहिला तियात्र १८९२ ला झाला तो पण मुंबईतच, म्हणजे मुंबईत बसून तिखट शब्द जुळवायचे आणि गोव्यानं ऐकायचे ही रीत जुनीच. या कानांना 'ये मेरा बॉम्बे' पटकन पटलं होतं.

दुसरीकडे किनाऱ्याचा पट्टा, हणजूण वागातोर कळंगुट. तिथे १९९० पासून ट्रान्स हे पार्ट्यांमधलं इलेक्ट्रॉनिक संगीत, २००७ पासून कांदोळीला सनबर्न हा डान्स म्युझिकचा फेस्टिव्हल, कामाला जाणाऱ्या पोरांचे कान बेसवर तयार झालेले. शॅकवर काम करणारा मुलगा आधी किक म्हणजे ड्रमचा ठोका कसा बसलाय ते ऐकणार, शब्द नंतर, किंवा कधीच नाही. या मंडळींना 'कोहिनूर' पहिल्या दिवसापासून आवडला, आणि ते चूक पण नव्हते, त्याआधीची बरीच देशी रॅप गाणी चांगल्या सिस्टिमवर लावली की पातळ वाटायची. अर्थात हे काही रेघ मारल्यासारखं नाही, वाळपईचा बेसवाला पण मला माहीत आहे आणि शिवोलीचा शब्दवाला पण.

शिवोली म्हटलं की तिथला गायक रेमो फर्नांडिस आठवणारच. १९८४ ला त्यानं 'गोवन क्रेझी' घरीच रेकॉर्ड केला, फोर ट्रॅक मशीनवर, वाद्यं बहुतेक स्वतःच वाजवून, आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानादुकानात नेऊन दिल्या. त्याच्या बाबतीत लोकांना आधी अल्बम मिळाला, हिंदी सिनेमा नंतर आला. डिव्हाइनचं उलटं झालं, आधी सुटी गाणी, मग सिनेमा, मग अल्बम. घरातले मोठे सांगतात की रेमो हिंदीत गेला तेव्हा पण गेला रे आपला पात्रांव, म्हणजे आपला बॉस, असं म्हणणारे होते, फक्त त्यांच्या हातात तो पहिला अल्बम होता, तो काढून ऐकायचा आणि उसासे टाकायचे. डिव्हाइनच्या जुन्या फॅनकडे तशी एक वस्तू नव्हती. सुटी गाणी होती आणि तो पेन ड्राइव्ह.

थोडं अन्याय पण झाला असं मला वाटतं. गरिबीवर लिहिणारा माणूस कायम गरीबच राहावा ही अपेक्षा करणारे आपण सगळे महिन्याला पगार घेणारे लोक. 'गांधी मनी'मधे तो पैशाबद्दलच बोलतोय, लपवत नाहीये. पण जुन्यांची एक तक्रार मला आजही बरोबर वाटते, की अल्बम म्हणून तो एका धाग्यात बसत नाही, सिंगल काढायची सहा वर्षांची सवय मोडलेली नाही, प्रत्येक गाणं आपापला व्हिडिओ डोक्यात ठेवून उभं आहे. डिसेंबर २०२० ला 'पुण्य पाप' आला तेव्हा ही तक्रार बरीच कमी झाली, तो घरात अडकलेल्या वर्षात आलेला, लोकांकडे सुरवातीपासून शेवटपर्यंत ऐकायला वेळ होता, आणि तो माणूस पण जरा स्वतःच्या आत बघत होता. मजा म्हणजे तेव्हा 'कोहिनूर'ला नावं ठेवणारे आमचेच काहीजण म्हणायला लागले, 'कोहिनूर'मधे जी मस्ती होती ती यात नाही.

दरम्यान डिव्हाइनच्या गली गँग या लेबलमधे गोव्याचाच एक मुलगा आला, त्सुमयोकी नावानं गातो, इंग्लिश आणि हिंदी मिसळून, मेलडी जास्त. इकडे मराठीत पण रस्ता मोकळा व्हायला लागला, स्वदेसी या हिपहॉप ग्रुपमधे महार्या मराठीतनं रॅप करत होताच, २०२४ ला क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' तर परदेशातल्या डान्स लेबलवरून आलं आणि पंजाबी ऐकणारी पोरं पण मराठीत नाचली. त्सुमयोकीबद्दल बोलणं निघालं की आता आमच्यात जी वादावादी होते ती 'कोहिनूर'च्या वेळेसारखीच गट पाडून, कोणी म्हणतो भारी गातो रे, जगात कुठे पण चालेल असं, आणि कोणी म्हणतो बरोबर, पण मग कोंकणीत कित्याक ना, आणि मराठीवाला एकजण कोपऱ्यातनं हळूच विचारतो, मराठीत का नाही, आणि मग विषय रॅपचा राहत नाही, राजभाषेचा होतो आणि चहा दोनदा सांगावा लागतो.