पोळा व तान्हा पोळा (ग्रामीण विदर्भ)

पोळा हा बैलांचा सण श्रावण अमावास्येला, म्हणजे पिठोरी अमावास्येला येतो. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, लहान मुलांचा तान्हा पोळा भरतो. २०२५ मध्ये पोळा २२ ऑगस्टला होता. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे तो १४ सप्टेंबरपर्यंत लांबला. या सुमारास कपाशी-सोयाबीनची डवरणी (पिकाच्या ओळींमधली बैलांनी केलेली कोळपणी) उरकलेली असते आणि जुवाखालून निघालेल्या बैलाला खरोखर विसाव्याची गरज असते. शेताच्या वेळापत्रकातच या सणाचे मूळ आहे.

आदल्या संध्याकाळी खांदशेकणी होते. जू घासून कठीण झालेल्या खांद्यावर हळद कालवलेले तूप किंवा लोणी चोळतात, पळसाच्या पानांनी शेक देतात आणि बैलाच्या कानाशी ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ असे म्हणतात. शेक हाताला सोसेल इतकाच कोमट असावा. खांदा फुटला असेल किंवा सुजून गरम लागत असेल तर चोळू नये, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. जखमेवर शेक दिला तर ती चिघळते.

पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत आणि चाबूकही लावत नाहीत. सकाळी त्याला नदी-नाल्यावर धुतात. श्रावणात नाल्याला अचानक पूर येतो, म्हणून मुले सोबत असतील तर विहिरीवरच धुणे बरे. अंग वाळल्यावरच गेरूचे ठिपके द्यावेत, नाहीतर ते ओघळतात. शिंगांना हिंगूळ व बेगड, कपाळाला बाशिंग, गळ्यात कवड्या-घुंगरांच्या माळा आणि पाठीवर झूल असा साज असतो. अलीकडे शिंगांना ऑइल पेंट फासतात. त्यातली रसायने बैल एकमेकांना चाटताना पोटात जातात. वेसण (नाकातली दोरी), म्होरकी (तोंडाभोवतीची दोरी), कासरा (बैल धरायचा लांब दोर) हे सगळे या दिवशी नवे लागते. अंबाडीची किंवा सुती वेसण भिजवून मऊ करून घालावी. नायलॉनची जास्त टिकते खरी, पण ती नाकपुडी कापते, आणि ती जखम पावसाळ्यात लवकर बरी होत नाही.

दुपारनंतर सगळ्या जोड्या आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या गुरे जमण्याच्या मोकळ्या जागेवर, येतात. तिथे दोन खांबांमध्ये आंब्याच्या पानांचे तोरण ताणलेले असते. वाजंत्री थांबली की झडत्या सुरू होतात. ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ या घोषाने संपणाऱ्या या यमकबद्ध ओळींतून कापसाचा भाव, कर्ज आणि गावचे राजकारण यांची खरपूस हजेरी घेतली जाते. शेवटी मानकरी तोरण तोडतो आणि पोळा ‘फुटतो’. सगळ्यात जपायची वेळ हीच. गर्दी आणि वाजंत्रीने बुजलेली जनावरे एकदम पळतात. म्हणून मुलांना तोरणाखाली उभे करू नये, कासरा हाताला गुंडाळू नये आणि बैलांजवळ फटाके तर मुळीच फोडू नयेत.

पुढे मारुतीच्या देवळावरून बैल घरी येतात. घरची बाई त्यांचे पाय धुऊन त्यांना ओवाळते व पुरणपोळी भरवते. बैल आणणाऱ्या गड्याला बोजारा, म्हणजे पैसे, आणि बहुतेक घरी नवे कपडे मिळतात. पुरणासाठी एक किलो हरभरा डाळीला जवळपास तेवढाच गूळ लागतो. शिजलेल्या डाळीचे पाणी पूर्ण निथळले नाही तर पुरण सैल होते व पोळी लाटताना फाटते. बैलाला एक-दोन पोळ्या आणि ओंजळभर ठोंबरा (शिजवलेली ज्वारी) पुरे. घरोघरी प्रेमाने भरवलेले पुरण, पीठ व धान्य एकत्र झाले की पोटात आम्ल वाढते, रवंथ थांबतो आणि पोट फुगते. अशाने बैल दगावूही शकतो. ओवाळणी हवी तितक्या घरी व्हावी, घास मात्र आपल्याच दारी द्यावा.

पोळ्याला दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्यांचे मेढे ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे मुले ते उचलतात आणि ‘इडा पिडा, खोकला घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत गावाच्या शिवेबाहेर टाकून येतात. नागपूर शहरात त्याच दिवशी काळ्या व पिवळ्या मारबतीची, म्हणजे इडापिडेचे प्रतीक असलेल्या पुतळ्यांची, मोठी मिरवणूक निघते.

तान्ह्या पोळ्याची सुरुवात दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी केली, असे नागपूरकडे मानतात. यात मुले चाकांचे लाकडी नंदी ओढत आणतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) इथला तान्हा पोळा मोठमोठ्या नंदींसाठी प्रसिद्ध आहे. अनेक घरी आजोबांचाच नंदी नातू ओढतो. सागाचा नंदी पिढ्यानपिढ्या टिकतो, हलक्या लाकडाला मात्र भुंगा लागतो. आदल्या आठवड्यात चाके फिरवून पाहावीत आणि आसाला तेल द्यावे. चिखलात बारीक चाके रुततात, म्हणून लहान मुलासाठी रुंद चाकांचा, वीतभर उंचीचा नंदी सोयीचा. दोरी मुलाच्या कमरेपर्यंत येईल इतकी असावी. तोकडी असली की नंदी टाचेवर आदळतो. कागदी सजावट एका सरीत विरघळते, त्यापेक्षा चिंध्यांची झूल शिवावी. तोरण फुटल्यावर मुले नंदी घेऊन घरोघरी जातात; तिथे नंदीची पूजा होते व मुलांना खाऊ किंवा बोजारा मिळतो.

ट्रॅक्टर आल्यापासून आखरावर जोड्या कमी झाल्या आहेत. ज्यांच्या गोठ्यात बैल उरले नाहीत ती कुटुंबे मातीचे बैल पाटावर मांडून पूजा करतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची मुले इतरांबरोबरच तोरणाखाली उभी असतात.