अध्यक्षांचा शपथविधी: थाट वाढला कसा आणि पैसा येतो कुठून

अमेरिकेच्या राज्यघटनेने नव्या अध्यक्षावर घातलेले बंधन एवढेच, की त्याने ३५ शब्दांची शपथ घ्यावी. मिरवणूक, मेजवान्या, नृत्यसमारंभ, आतषबाजी यांपैकी कशाचाही घटनेत उल्लेख नाही. तरीही डोनाल्ड ट्रम्प यांच्या दुसऱ्या शपथविधीसाठी, जानेवारी २०२५ मधल्या समारंभासाठी, सुमारे २३.९ कोटी डॉलर जमा झाले. हा आजवरचा उच्चांक आहे. या आकड्यावर मत बनवण्याआधी त्यामागचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहायला हवा, कारण डामडौल तसा जुनाच आहे; बदलला आहे तो पैसे भरणारा.

जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कमधल्या फेडरल हॉलच्या सज्जात शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या अंगावर देशातच विणलेल्या तपकिरी कापडाचा पोशाख होता. नव्या प्रजासत्ताकाचा प्रमुख राजासारखा दिसू नये, ही काळजी त्यात होती. १७९३ मध्ये दुसऱ्या वेळी त्यांनी केलेले भाषण अवघ्या १३५ शब्दांचे होते. १८०१ मध्ये थॉमस जेफरसन तर उतरले होते त्या खाणावळीतून पायीच कॅपिटॉलला, म्हणजे संसद भवनाला, गेले. पहिला अधिकृत नृत्यसमारंभ झाला १८०९ मध्ये, जेम्स मॅडिसन यांच्या वेळी, एका हॉटेलात. चारशे तिकिटे विकली गेली, दर चार डॉलर. ज्याला नाचायचे, जेवायचे, त्याने आपल्या खिशातून द्यायचे, असा तो सरळ व्यवहार होता.

अँड्र्यू जॅक्सन यांनी १८२९ मध्ये व्हाइट हाउसची दारे सगळ्यांना उघडी ठेवली आणि तिथे मोठा गोंधळ झाला. चिखलाच्या बुटांनी लोक खुर्च्यांवर चढले, काचसामान फुटले. पुढे रेटणाऱ्या गर्दीतून खुद्द अध्यक्षांना बाहेर काढावे लागले. शेवटी पेयांची पिंपे हिरवळीवर नेली, तेव्हा कुठे गर्दी बाहेर पडली. वॉशिंग्टनमधल्या प्रतिष्ठितांना हे सारे रानटी वाटले. पण सामान्य माणसाला एक पैसाही न घेता आत येऊ दिले, हेही विसरू नये.

लांबीचा विक्रम विल्यम हेन्री हॅरिसन यांचा. १८४१ च्या बोचऱ्या थंडीत, ओव्हरकोट न घालता, ते ८,४४५ शब्दांचे भाषण पावणेदोन तास वाचत राहिले. महिनाभराने ते वारले.

थाटामाटाचे खरे रूप पाहायचे तर ६ मार्च १८६५ ची रात्र पाहावी. लिंकन यांच्या दुसऱ्या कार्यकाळाचा नृत्यसमारंभ पेटंट ऑफिसच्या इमारतीत होता. यादवी युद्ध अजून संपले नव्हते, आणि याच इमारतीत काही काळापूर्वी जखमी सैनिकांच्या खाटा लागलेल्या होत्या. तिकीट दहा डॉलरचे. मध्यरात्री जेवणाची दालने उघडली. सुमारे अडीचशे फूट लांबीच्या टेबलावर कालवे, कासवाच्या मांसाचे पदार्थ, टर्की, बदक, हॅम, केक, आइस्क्रीम आणि मधोमध साखरेत घडवलेली कॅपिटॉलची प्रतिकृती होती. एका वेळी तीनशे जणांची सोय होती. तुटून पडले हजारो. कोंबडीच्या अख्ख्या तंगड्या डोक्यावरून पलीकडे जात होत्या, सांडलेला रस्सा पायाखाली, रेशमी झग्यांवर डाग. दोनच दिवस आधी लिंकन यांनी याच शहरात जेमतेम सातशे शब्दांत युद्धाचे दुःख मांडले होते. ते भाषण आणि ही रात्र शेजारी ठेवली की मन विषण्ण होते.

१८७३ मध्ये युलिसिस ग्रँट यांच्यासाठी लाकडी मांडव उभारला, पण तो उबदार ठेवायची सोयच नव्हती. पाहुण्यांनी अंगातले कोट न काढता नाच केला, अन्न गोठले, आणि गाण्यासाठी छताला टांगलेल्या पिंजऱ्यांतले कॅनरी पक्षी थंडीने मेले.

खर्चाला जाहीर नकार दिला तो वुड्रो विल्सन यांनी. १९१३ मध्ये त्यांनी नृत्यसमारंभच रद्द केला. पुढची अनेक वर्षे अधिकृत समारंभाच्या जागी धर्मादाय कार्यक्रम होत राहिले. जानेवारी १९४५ मध्ये तर दुसरे महायुद्ध चालू असताना फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसच्याच दक्षिण सज्जात चौथ्यांदा शपथ घेतली. ना परेड, ना नाच. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, २५ हजार डॉलर मंजूर केले होते. आपण दोन हजारांच्या आत भागवू, असे त्यांनी सांगितले.

हॅरी ट्रुमन यांनी १९४९ मध्ये अधिकृत नृत्यसमारंभ पुन्हा सुरू केला. त्याच वर्षी शपथविधी प्रथमच दूरचित्रवाणीवर दिसला आणि मग सोहळ्याला आवर उरला नाही. १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांची परेड साडेचार तासांहून अधिक चालली. त्यात हत्तीही होते. केनेडी यांच्यासाठी १९६१ मध्ये पाच नृत्यसमारंभ झाले, क्लिंटन यांच्यासाठी १९९७ मध्ये चौदा. मधे जिमी कार्टर यांनी १९७७ मध्ये पेन्सिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर सपत्नीक चालत जाऊन साधेपणा परत आणून पाहिला. चारच वर्षांत रेगन यांच्या सोहळ्याने तो पुसला. दिवसही वाढले. १९९३ मध्ये क्लिंटन आणि २००९ मध्ये ओबामा, दोघांचेही सोहळे १७ जानेवारीच्या प्रवासापासून सुरू झाले. एकाने बस वापरली, दुसऱ्याने रेल्वे.

आता पैशाचा मुद्दा. कॅपिटॉलवरचा शपथेचा कार्यक्रम आणि सुरक्षा यांचा भार सरकारी तिजोरीवर असतो. नृत्यसमारंभ, मैफली, मेजवान्या यांचा खर्च निर्वाचित अध्यक्षाने नेमलेली खासगी समिती देणग्यांतून करते. कंपन्या उमेदवाराच्या प्रचारनिधीला थेट पैसे देऊ शकत नाहीत, पण या समितीला हवे तेवढे देऊ शकतात, कारण इथे कायद्याने कमाल मर्यादाच घातलेली नाही. परदेशी नागरिकांकडून मात्र देणगी घेता येत नाही. मर्यादा घालायची तर ती त्या त्या अध्यक्षाने स्वतःहून. बुश यांनी २००५ मध्ये अडीच लाख डॉलरची घातली. तरी इराक युद्ध आणि महिन्यापूर्वीच आलेली त्सुनामी यांमुळे सुमारे चार कोटींच्या सोहळ्यावर टीका झाली. ओबामा यांनी २००९ मध्ये कंपन्यांचा पैसा नाकारला आणि व्यक्तीमागे ५० हजारांची मर्यादा ठेवली. २०१३ मध्ये मात्र त्यांनीही कंपन्यांना दार उघडले.

ट्रम्प यांच्या पहिल्या समितीने २०१७ मध्ये १०.७ कोटी जमवले, म्हणजे ओबामांच्या २००९ च्या ५.३ कोटींच्या दुप्पट. त्यातला पैसा ट्रम्प यांच्याच हॉटेलवर अवास्तव दराने खर्च झाल्याचा आरोप करत वॉशिंग्टन डी. सी.च्या महाधिवक्त्यांनी दावा लावला; २०२२ मध्ये गैरकृत्य कबूल न करता साडेसात लाख डॉलरवर तडजोड झाली. २०२१ मध्ये कोविडमुळे बायडेन यांच्या वेळी प्रेक्षकांच्या जागी सुमारे दोन लाख झेंडे रोवले गेले, तरी समितीकडे सहा कोटींहून अधिक रक्कम आली. २०२५ मध्ये कडाक्याच्या थंडीमुळे शपथ कॅपिटॉलच्या घुमटाखाली झाली आणि परेड एका बंदिस्त स्टेडियममध्ये. गर्दीसाठीचा मोठा कार्यक्रम आक्रसला, पण देणग्या आक्रसल्या नाहीत. मेटा आणि ॲमेझॉन यांनी प्रत्येकी दहा लाख डॉलर दिले, तर कोंबडीमांसाच्या धंद्यातल्या पिलग्रिम्स प्राइडने ५० लाख. सरकारी निर्णयांवर ज्यांचा नफा-तोटा अवलंबून आहे, त्यांनी सरकार बसता बसता एवढी रक्कम देणे मला तरी साध्या हौसेचे वाटत नाही.

शपथविधीनंतर ९० दिवसांत, दोनशे डॉलर वा त्याहून अधिक देणाऱ्यांची नावे निवडणूक आयोगाकडे द्यावी लागतात. पैसा कशावर खर्च झाला आणि उरलेल्याचे काय केले, हे त्या आयोगाला सांगण्याची मात्र सक्ती नाही. देणग्यांवर मर्यादा आणि खर्चाचा हिशेब, या दोन्ही मागण्यांची विधेयके काँग्रेसमध्ये मांडली गेली आहेत. एकही संमत झालेले नाही.