सोने काळवंडत नाही, मग सोन्याचे घड्याळ का काळवंडते?

दिवाळीच्या आधी नागपूरच्या इतवारी सराफ्यात घरातील जुने दागिने उजळून घेण्यासाठी गर्दी होते आणि त्या दागिन्यांसोबत कधीकधी आजोबांचे सोन्याचे मनगटी घड्याळही डबीतून बाहेर निघते. चाळीस-पन्नास वर्षांत त्याच्या कडांवर लालसर तपकिरी छटा चढलेली असते, आणि पट्टा अडकवण्याच्या टोकांच्या आतल्या बाजूला तर जांभळट झाकही दिसते. ते पाहून घरात बहुधा दोनच निष्कर्ष निघतात: एक तर सोने खोटे आहे, किंवा घड्याळ कळकट झाले असून त्याला पॉलिशची गरज आहे. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत आणि दुसऱ्यामुळे होणारे नुकसान कधीही भरून येत नाही. जुन्या घड्याळांचे जाणकार ज्याला पॅटिना म्हणतात आणि ज्यासाठी आनंदाने अधिक किंमत मोजतात, तो हाच रंग होय.

‘खरे सोने काळे पडत नाही’ हे विधान शुद्ध सोन्यापुरते बरोबर आहे. साध्या हवेतील ऑक्सिजन किंवा गंधक यांच्याशी सोन्याची अभिक्रिया होत नाही. पण 24 कॅरेटचे सोने इतके मऊ असते की त्याचे घड्याळ रोजच्या वापरात टिकणार नाही. म्हणून घड्याळाच्या केससाठी, म्हणजे बाहेरच्या कवचासाठी, 18 किंवा 14 कॅरेटचे मिश्रधातू वापरतात. नेहमीच्या पिवळ्या 18 कॅरेटमध्ये वजनाने 75 टक्के सोने, साडेबारा टक्के चांदी आणि साडेबारा टक्के तांबे असते. मात्र रसायनशास्त्राला वजनापेक्षा अणूंची संख्या महत्त्वाची असते. सोन्याचा अणू तांब्याच्या अणूच्या तिपटीहून जड असल्यामुळे अणू मोजायला घेतले, तर या ‘75 टक्के’ सोन्यात सोन्याचे अणू फक्त 55 टक्क्यांच्या आसपास भरतात. 14 कॅरेटमध्ये ते निम्म्याहूनही कमी असतात.

हा निम्म्याचा आकडा फार महत्त्वाचा आहे. मिश्रधातूत सोन्याच्या अणूंचा वाटा साधारण निम्म्याखाली गेला की त्याची गंजरोधक शक्ती झपाट्याने ढासळते, हे गुस्ताव टामान या रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडले होते. वाटा त्याहून अधिक असेल, तर चांदी-तांब्याचे अणू सोन्याच्या शेजाऱ्यांनी वेढलेले राहतात आणि अभिक्रियेला आत शिरण्यासाठी सलग वाट मिळत नाही. सराफांच्या तेजाबाला हे तत्त्व पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे: सोने शुद्ध करताना त्यात मुद्दाम चांदी घालून सोन्याचा वाटा सुमारे चतुर्थांशावर आणावा लागतो, तेव्हाच तेजाब आतल्या चांदीपर्यंत पोहोचते. 18 कॅरेट या सीमारेषेच्या जरा वर उभे आहे, म्हणून त्यावरचा रंग अतिशय सावकाश चढतो आणि खोल जात नाही. 14 कॅरेट सीमेच्या खाली असल्याने लवकर काळवंडते. 1963 च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी 14 कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी केली होती. त्या काळातील दागिने आज काळवंडलेले दिसतात त्याचा दोष सोनाराच्या सचोटीला देणे अन्यायाचे आहे.

हवेत हायड्रोजन सल्फाइडसारखी गंधकयुक्त संयुगे अत्यल्प प्रमाणात नेहमीच असतात. सांडपाणी आणि कुजणारा पाला हे त्यांचे मोठे उगम आहेत. ही संयुगे पृष्ठभागावरील चांदी आणि तांब्याशी जोडली जाऊन सल्फाइडचा थर बनतो. धातूवर ओलाव्याची अदृश्य पापुद्री असेल, तर हे काम वेगाने होते. त्यामुळे नागपूरचा 45 अंशांचा, पण कोरडा मे महिना घड्याळाला जितका अपायकारक वाटतो तितका तो नसतो. रंग चढण्याचे खरे दिवस दमट जुलै-ऑगस्टचे होत. घामातील क्षारही या कामाला हातभार लावतात.

आता मला सर्वांत प्रिय असलेला भाग, रंगाचा. जाड सल्फाइड काळेच दिसते. मग घड्याळावर लाल, जांभळा, कधी निळा रंग कुठून येतो? पावसाळ्यात ओल्या डांबरी रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर जे इंद्रधनुष्य दिसते, त्याचेच नियम येथे लागू होतात. प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठावरून परत फिरतो, तर उरलेला आत शिरून खालच्या धातूवरून परततो. दुसऱ्या लाटेला थराच्या जाडीच्या दुप्पट अंतर अधिक कापावे लागते, आणि सल्फाइडचा अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा) अडीच ते तीनच्या दरम्यान असल्याने ते अंतर प्रकाशाच्या दृष्टीने तितक्याच पटीने लांबते. हे वाढीव अंतर एखाद्या रंगाच्या तरंगलांबीच्या निम्मे झाले की एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडतो आणि परावर्तित प्रकाशातून तो रंग वजा होतो. अपवर्तनांक 2.8 धरून ढोबळ गणित केले, तर 450 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तरंगलांबीचा निळा रंग सुमारे 40 नॅनोमीटर जाडीला, 530 चा हिरवा सुमारे 47 ला आणि 650 चा तांबडा सुमारे 58 ला वजा होतो. धातूवरून परावर्तन होताना लाटेची कला (फेज) नेमकी अर्ध्या तरंगाने सरकत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे भरतात. क्रम मात्र हाच राहतो.

चांदीच्या ताटावर म्हणूनच आधी पिवळसर, मग तांबूस आणि त्यानंतर निळी छटा येते. सोने मुळातच निळा प्रकाश कमी परावर्तित करते. त्यामुळे पहिली पायरी सोन्यावर जवळजवळ नजरेसच येत नाही. हिरवा वजा होऊ लागला की सोने लालसर होते, आणि तांबडाही गळू लागला की जांभळट-निळे. दहा नॅनोमीटरचा फरक साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाने वेगळा करता येत नाही, पण तोच फरक आपल्या डोळ्यांना रंगाच्या रूपाने सरळ दिसतो. जुन्या सोन्याच्या घड्याळाचे आकर्षण माझ्या मते येथे आहे.

यावरून पॉलिशचा हिशेब करता येतो. 40 नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा 25 हजारावा भाग. बफ मारणारे चाक एका फेरीत काही मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) धातू सहज खरवडते, म्हणजे थराच्या जाडीच्या शंभरपटीच्या घरात. केसच्या धारदार कडा गोल होतात आणि जुन्या, 1995 पूर्वीच्या स्विस घड्याळांवरील शुद्धतेचे छाप, 18 कॅरेटसाठी हेल्वेशियाचे (स्वित्झर्लंडचे प्रतीक असलेल्या स्त्रीचे) मुख आणि 14 कॅरेटसाठी खार, पुसट होत जातात. इतका नाजूक थर खाचाखोचांत शाबूत असेल, तर तेथे अनेक वर्षांत चाक फिरलेले नाही याचा तो धातूनेच दिलेला पुरावा असतो. मूळ पॅटिनाची किंमत या पुराव्याची आहे.

पुराव्याला किंमत आली की बनावटही येते. गंधकाच्या द्रावणात बुडवून असा रंग थोड्या वेळात चढवता येतो, परंतु तो सर्वत्र सारखा बसतो. नैसर्गिक थर बाही आणि कातडी घासते त्या उंचवट्यांवर विरळ आणि आडोशाला दाट असतो. विक्रेत्यांच्या ‘दुर्मीळ रंग’ वगैरे भाषेवर विसंबण्याऐवजी भिंगातून हे वाटप पाहावे. अंगावरचे सोने काळे पडले म्हणजे आजारपण येणार किंवा ग्रह फिरले, या समजुतीलाही कोणताही आधार नाही. त्या सोन्यात किती तांबे-चांदी आहे आणि घाम किती येतो, एवढेच त्यातून कळते.

डायलचा पिवळेपणा हा वेगळा विषय आहे. तो मुख्यतः लॅकरचे ऑक्सिडीकरण आणि अतिनील किरणे यांमुळे येतो. एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. जुन्या डायलवरील चमकणारे अंक रेडियमचे असू शकतात. त्यांची चमक गेली, कारण रेडियममधून सुटणाऱ्या अल्फा कणांच्या माऱ्याने चमक देणारे झिंक सल्फाइडचे स्फटिक निकामी झाले. रेडियम-226 चे अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षे असल्याने किरणोत्सर्ग तसाच आहे. असे घड्याळ घरी उघडू नये आणि अंक खरवडू तर मुळीच नयेत.

घड्याळ दुरुस्तीस देताना आतील यंत्राची सफाई आणि नवे तेल एवढेच काम सांगावे आणि ‘केस पॉलिश करू नये’ हे पावतीवर लिहून घ्यावे. घरी मऊ कोरड्या सुती कापडाने घाम पुसला की पुरे. ठेवताना रबर आणि लोकरीपासून दूर ठेवावे, कारण दोन्हींत गंधक असते, आणि डबीत सिलिका जेलची पुडी घालून ती दर पावसाळ्यापूर्वी बदलावी.