रामराम बसला, नमस्कार बसेना

सोयाबीनची हमीभाव खरेदी सुरू झाली की आमच्या परभणीकडे एक प्रश्न पारावर, टपरीवर, एसटीत सगळीकडे ऐकू येतो: "मेसेज आला का?" नोंदणी केलेल्या शेतकऱ्यानं एसएमएस आल्यावरच माल केंद्रावर न्यायचा. त्याआधी नेला तर कट्टे ट्रॅक्टरमध्ये, ट्रॅक्टर रांगेत आणि आपण चहावर चहा पीत बसतो.

माझा मावसभाऊ अशाच एका केंद्रावर हिशेब पाहतो. मेसेज पाठवायचं कामही त्याच्याच गळ्यात. मागच्या हंगामात त्याचा फोन आला. "दादा, शेतकरी चौदाशे. मेसेज एक. मग बेचाळीसशे क्रेडिट कामून कापले?"

क्रेडिट म्हणजे घाऊक मेसेजसाठी आधी भरलेल्या पैशांचं माप, एका मेसेजला एक. त्याला मजकूर पाठवायला सांगितला. तो असा होता:

"नमस्कार. आपला सोयाबीन मंगळवारी सकाळी १० वाजता खरेदी केंद्रावर आणावा. ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा. सोबत सातबारा, आधार व पासबुक ठेवावे."

मजकुरात चूक काहीच नाही. बिलातही नव्हती. गडबड होती ती पहिल्या शब्दात.

एसएमएस म्हणजे ठरावीक मापाचा टेम्पो समजा. त्यात १४० बाइट माल बसतो, म्हणजे ११२० बिट (बिट म्हणजे शून्य किंवा एक अशी एक खूण, आठ बिटांचा एक बाइट). टेम्पो अर्धा रिकामा गेला तरी भाडं पूर्ण, आणि एक कट्टा जास्त झाला की दुसरा टेम्पो करावा लागतो. आता प्रत्येक अक्षराला किती जागा द्यायची, हा प्रश्न. इंग्रजीसाठी सात बिट पुरतात, कारण सात बिटांतून १२८ वेगवेगळ्या खुणा तयार होतात. ११२० ला ७ नं भागलं की १६० येतात. एसएमएसची ती प्रसिद्ध मर्यादा इथून आली.

हा आकडा पुरेल का, हे तपासण्याची रीत मात्र अगदी घरगुती होती. १९८५ साली फ्रीडहेल्म हिलेब्रांड हे जर्मन अभियंते बॉनमध्ये टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं टाइप करून त्यांतली अक्षरं मोजत बसले. जवळजवळ सगळी वाक्यं १६० च्या आत आली. पोस्टकार्डं आणि टेलेक्सवरचे निरोपही त्यांनी पडताळून पाहिले, तेही साधारण तेवढेच. पहिला एसएमएस त्यानंतर सात वर्षांनी, ३ डिसेंबर १९९२ ला गेला.

त्या १२८ खुणांच्या यादीत इंग्रजी तर आहेच, शिवाय जर्मन, स्पॅनिश, स्वीडिश अक्षरं आहेत, आणि ग्रीकमधली ओमेगा, सिग्मा, डेल्टासुद्धा आहेत. ओमेगाला जागा मिळाली, आपल्या 'ळ'ला नाही. यादी युरोपात, युरोपसाठी झाली होती, तेव्हा रुसण्यात अर्थ नाही. पण मोजावं लागतं ते आपल्याला. यादीबाहेरचं एकही अक्षर आलं की अख्खा मेसेज दुसऱ्या पद्धतीनं भरला जातो, आणि तिथे प्रत्येक अक्षराला १६ बिट लागतात. ११२० भागिले १६, म्हणजे ७०. मजकुरात शंभर इंग्रजी अक्षरं आणि एकच 'ळ' असला तरी शंभराच्या शंभर अक्षरांना १६ बिटांचं भाडं.

सत्तरच्या वर गेलं की मेसेजचे तुकडे होतात. ते एकामागोमागच पोचतील याची खात्री नसते, म्हणून प्रत्येक तुकड्यावर चिठ्ठी लावतात: हा अमुक मेसेज, एकूण इतके भाग, त्यातला हा इतकावा. ही चिठ्ठी सहा बाइट खाते. मग प्रत्येक तुकड्यात मराठीची ६७ अक्षरं उरतात, इंग्रजीची १५३. आपल्या फोनवर ते तुकडे पुन्हा जोडून एकच मेसेज दिसतो, त्यामुळे पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला पत्ताच लागत नाही. तुकडे दिसतात ते फक्त बिलात.

आणि अक्षर म्हणजे काय, तेही बघायला हवं. शाळेत आपण 'शेतकऱ्यांना' हा शब्द पाच अक्षरी मोजतो. फोन मोजतो अकरा: श, एकार, त, क, ऱ, हलन्त, य, काना, अनुस्वार, न, काना. काही जुने कीबोर्ड या 'ऱ्या'साठी साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह टाकतात. मग बारा. न दिसणाऱ्या चिन्हाचेही पैसे! 'स्त्री' हे एक अक्षर, फोनच्या लेखी सहा. २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा दहाचे सात झाले. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं तेव्हा मधल्या मोकळ्या जागेसकट आठाचे सतरा. (मी फक्त मोजलं, वाद घालायला फोन करू नका.)

आता भावाचा मेसेज. 'नमस्कार.' आणि त्यापुढची मोकळी जागा धरून फोनच्या हिशेबानं तो १३६ भरतो. दोन तुकड्यांत मावतात ६७ दुणे १३४. दोन अक्षरं उरली आणि त्यांच्यासाठी तिसरा टेम्पो करावा लागला. चौदाशे गुणिले तीन, बेचाळीसशे. 'नमस्कार' काढला तर मजकूर १२७ वर येतो आणि अठ्ठावीसशेत काम होतं. एका भागाला समजा २० पैसे धरले तरी त्या नमस्काराचे २८० रुपये झाले. रक्कम किरकोळ आहे, पण हंगामात असे पंधरा-वीस मेसेज जातात आणि प्रत्येकाची सुरुवात नमस्कारानंच होते.

गंमत पुढे आहे. नमस्काराशिवायचा तोच मजकूर मी इंग्रजी लिपीत लिहून पाहिला. १४१ अक्षरं झाली, म्हणजे देवनागरीपेक्षा चौदा जास्त. तरीही तो एकाच मेसेजात बसतो! देवनागरी आटोपशीर आहे, पण तिचं भाडं जड आहे. म्हणून तर बँका आणि दुकानदार मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत धाडतात, आणि ते वाचताना 'आला' की 'आळा' हे आपण अंदाजानं ठरवतो. मला स्वतःला हे वाचवणं पटत नाही. साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याला ती लिपी लागत नसेल तर एक भाग वाचवून काय उपयोग?

बरं, इंग्रजी लिपीलाही खड्डे आहेत. भावानं तेही करून पाहिलं आणि शेवटी हमीभाव टाकला, ₹ हे चिन्ह लावून. जुन्या यादीत डॉलर आहे, पौंड आहे, येन आहे. आपलं रुपयाचं चिन्ह २०१० सालचं, ते तिथे असणार कसं? त्या एका चिन्हापायी सगळा मेसेज १६ बिटांवर गेला आणि एकाचे तीन भाग झाले. तिथे 'Rs' ही साधी इंग्रजी अक्षरं लिहिली असती तर मजकूर लांबला असता, पण भाग एकच राहिला असता. जोडलेल्या हातांचा इमोजी टाकला तरी हेच होतं, आणि तो दोन अक्षरांची जागा घेतो. वर्डमध्ये लिहून चिकटवलेल्या मजकुरातली वळणदार अवतरणचिन्हंही असाच घात करतात.

यावर उपाय निघालाच नाही असं नाही. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीनं भारतीय भाषांसाठी सात बिटांचे तक्ते केलेत. त्यात हिंदीचा तक्ता आहे, म्हणजे देवनागरी आली. तो वापरला तर एका मेसेजात १५५ अक्षरं मावतात, भावाचा नमस्कारासकटचा मजकूरसुद्धा. पण घेणाऱ्या फोनला तो तक्ता माहीत हवा, नाहीतर पडद्यावर भलतंच काही उमटतं. चौदाशे शेतकऱ्यांचे चौदाशे फोन, काही बटणांचे, काही नातवाचे जुने. ही जोखीम कोण घेणार? व्यवहारात मराठी मेसेज १६ बिटांतच जातात.

शेवटी आम्ही कागद घेऊन बसलो. १२७ मध्ये सात अक्षरांची जागा शिल्लक होती, आणि नमस्काराशिवाय मेसेज पाठवणं भावाला उद्धटपणाचं वाटत होतं. मी म्हटलं, रामराम घाल. सहा अक्षरं, त्यापुढे एक मोकळी जागा. बरोबर १३४.

"अन् त्याच्यापुढं पूर्णविराम?"

"तो दिलास तर चौदाशे क्रेडिट आणखी."

पण मजकूर बदलायचा म्हणजे नुसतं खोडून लिहिणं नव्हे. दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमांनुसार असे घाऊक मेसेज पाठवायचे तर मजकुराचा नमुना आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि पाठवलेला मेसेज त्याच्याशी जुळला नाही तर अडवला जातो. रामरामचा नमुना त्याच संध्याकाळी मंजुरीला गेला. तो येईपर्यंत आणखी दोन मेसेज नमस्कारानंच गेले.